न आलेल्या बहाराचा पंचनामा

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धा ज्यांना आठवत असेल, त्यांना माझी फजितीही आठवत असेल. विषय होता, 'शेतकऱ्याच्या दैन्याला निसर्गच जबाबदार आहे.' मी अनुकूल बाजूने बोलले. अवकाळी पाऊस, गारपीट, दुष्काळ यांचे मी जमेल तसे वर्णन केले. गळा थोडा दाटून आला, सभागृह शांत झाले, आणि आपण जिंकलो असे मला वाटले. मग प्रतिकूल बाजूचा विद्यार्थी उठला. तो म्हणाला, "निसर्ग लहरी पूर्वीही होता. बहात्तरचा दुष्काळ काय हवामान बदलाने पडला होता? जमिनीत भोकावर भोके पाडून पाणी कोणी संपवले? हवामान बदल हे शेतकऱ्याला सापडलेले नवे निमित्त आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्तरासाठी मला दोन मिनिटे मिळाली. मी माईकसमोर उभी राहिले, घंटा वाजली आणि मी खाली उतरले.

त्या दोन मिनिटांचे उत्तर मी आज एका वर्षाने देत आहे. अंकाच्या संपादक मंडळाने जागा दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. उत्तर देताना मला आधी एक कबुली द्यावी लागेल. त्या विद्यार्थ्याचे म्हणणे अर्धे खरे होते. माझेही अर्धेच खरे होते. मुळात तो विषयच चुकीचा मांडला होता, असे आज मला वाटते.

मी काटोल तालुक्यातील एका खेड्यातून येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आई चौथी शिकली, बाबा नववी. आमचे साडेचार एकर शेत आहे. दोन एकरांत संत्र्याचा बगीचा आणि उरलेल्यात कपाशी, तूर, कधी सोयाबीन. माझ्या प्रवेशाचे पैसे आले ते आंबिया बहाराच्या संत्र्यांतून. म्हणून मी या वर्गात बसते ती शब्दशः संत्र्यांच्या जिवावर बसते. नागपूरला 'संत्रानगरी' म्हणताना शहरातील मित्रांच्या डोळ्यांपुढे स्टेशनवरची संत्रा बर्फी येत असेल. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो ताणावर सोडलेला बगीचा.

'ताण' हा शब्द समजल्याशिवाय माझे पुढचे म्हणणे समजणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. संत्र्याचे झाड आपणहून वेळेवर फुलत नाही, त्याला फुलवावे लागते. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरमध्ये झाडाचे पाणी तोडतात. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी असेल तर त्याहून अधिक दिवस झाड तहानलेले ठेवतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. वरून थंडी असते. त्या तहानेत आणि थंडीत झाड वाढ थांबवते आणि अन्न साठवून ठेवते. मग जानेवारीत आळी करून, खत घालून हलके पाणी दिले की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. त्या दिवसांत आमच्या गावाच्या शिवेवरूनच वास येतो. ही फळे दिवाळीच्या सुमारास तोडणीला येतात. दुसरा मृग बहार. त्याचा ताण उन्हाळ्यात दिला जातो, आणि तो तोडायचे काम मृगाचा पाऊस करतो. म्हणजे सात-आठ जूननंतर. ही फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात.

आता विचार करा. डिसेंबरच्या शेवटी, ताण अर्ध्यावर आलेला असताना, दोन दिवस पाऊस पडला तर काय होईल? झाडाला वाटते, पाणी आले. ते फुलांऐवजी नवतीवर जाते. कोवळी, हिरवी, लुसलुशीत पालवी फुटते. रस्त्याने जाणारा म्हणेल, काय छान बगीचा आहे! पण बाबा बांधावर डोक्याला हात लावून बसतात. ही नवती म्हणजे न आलेली फुले. वर्षाचे उत्पन्न एका अवेळी सरीने धुऊन नेले, आणि नेताना एक पानदेखील फाडले नाही.

मृग बहाराचेही तसेच. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला, इतका लवकर तो गेल्या कित्येक दशकांत आला नव्हता. वर्तमानपत्रांनी आनंदाने मथळे दिले. पण मे महिन्यातल्या पावसाने बगीच्याचा ताण तुटतो, हे त्या मथळ्यांत कोठेच नव्हते. शहराला पाऊस लवकर आला की आनंद होतो. शेतकऱ्याला तो वेळेवर यावा लागतो.

पाऊस आला तर असा, आणि नाही आला तर? २०१८ चा पावसाळा आमच्या भागात अपुरा झाला आणि काटोल, नरखेड, कळमेश्वर तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेडपासून वरुड-मोर्शीपर्यंत संत्र्याची झाडे उभीच्या उभी वाळली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. बाबा टँकर विकत घेत होते आणि आई व मी बादलीने झाडांना पाणी घालत होतो. दीडशे झाडांतली एकशेआठ वाचली. वाळलेली झाडे तोडली त्या दिवशी घरात चूल पेटली, पण ती लाकडे आजीने चुलीत घालू दिली नाहीत.

त्याआधी, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट मला आठवते ती टिनाच्या छपरावरच्या आवाजाने. आणि अलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये सलग पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही. जमिनीत पाणी तुंबते, मुळांना श्वास घेता येत नाही, बुरशी चढते, खोडातून डिंक गळू लागतो आणि हिरवी फळे देठापासून सुटून खाली पडतात. आम्ही याला फळगळ म्हणतो. सकाळी उठून बगीच्यात गेले की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा असतो. आई ती टोपल्यात भरून धुऱ्यावर खड्ड्यात पुरते, कारण तशीच ठेवली तर रोग पसरतो. माझे प्रवेश शुल्क त्या खड्ड्यात जाताना मी पाहिले आहे.

येथे माझे प्रतिस्पर्धी मित्र म्हणतील, "हे तर तू मागच्या वर्षीही सांगितलेस. हे सर्व हवामान बदलानेच झाले, याला पुरावा काय?" प्रश्न रास्त आहे. माणसाची आठवण फसवी असते. आजी म्हणते, "आमच्या टायमाले पाऊस नक्षत्रावर ये, बापा. मृग म्हटला का मृग." पण तीच आजी बहात्तर सालच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ल्याचे सांगते, तेव्हा त्या साली नक्षत्रे कोठे गेली होती? मागचे दिवस नेहमीच थोडे अधिक गोड असतात. म्हणून केवळ आठवणींवर मी विसंबत नाही.

शास्त्र काय सांगते ते पाहू. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत कर्बवायू साचतो आणि पृथ्वी तापते, हे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडले होते. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. आता हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे ढग अधिक काळ पाणी साठवतो, आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. मधले दिवस कोरडे, आणि मग ढगफुटीसारखी धार. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपला विदर्भ या मध्य भारताच्या पट्ट्यातच येतो.

तरीही अमुक एका दिवशीची गारपीट हवामान बदलानेच झाली, असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट सांगते. गावात दारूचे दुकान आले की त्यानंतरचे प्रत्येक भांडण दारूनेच झाले असे सिद्ध करता येत नाही. भांडणे पूर्वीही होतच होती. पण ती दुपटी-तिपटीने वाढली, की कारण कोठे शोधायचे हे गावातल्या बायांना कोणी शिकवावे लागत नाही. बहात्तरला दुष्काळ पडला होता, म्हणून आजच्या अतिवृष्टीला कारण नाही, हा युक्तिवाद मला त्या दुकानदाराच्या वकिलाचा वाटतो.

आणि ही केवळ खेड्याची कथा आहे असे कोणी समजू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले. त्या दिवशी अंबाझरी ले-आऊटमधील बंगल्यांना आणि आमच्या बगीच्याला एकाच आभाळाने गाठले. फरक इतकाच की बंगल्यातल्या गाळाचे फोटो दुसऱ्या दिवशी छापून आले.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या मराठी भाषेत संकटांची एक जुनी वाटणी आहे, अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येते ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून येते ते सुलतानी. दुष्काळ, टोळधाड, गारपीट ही अस्मानी. सारा, जुलूम, लूट ही सुलतानी. ही वाटणी केवळ शब्दांची नाही, ती न्यायाची आहे. अस्मानी संकटात कोणी दोषी नसतो. तेथे हात जोडायचे आणि मिळेल ती मदत घ्यायची. सुलतानी संकटात दोषी असतो. तेथे दाद मागता येते, हिशेब मागता येतो.

माझे म्हणणे असे आहे की हवामान बदलाने ही वाटणीच पुसून टाकली आहे. आज जे आभाळातून पडते, त्यातला काही हिस्सा माणसाने आभाळात चढवलेला आहे. ते दिसते अस्मानी, पण त्याच्या पोटात सुलतानी आहे. आणि आपण अजून त्याला 'निसर्गाचा लहरीपणा' म्हणतो. 'लहरी' या शब्दाने कोणाची सोय होते, याचा विचार करावा. निसर्ग लहरी म्हटला की सगळे सुटले. सरकार सुटले, कारखानदार सुटले, श्रीमंत देश सुटले, आणि आपणही सुटलो. म्हणूनच मी म्हणते की आमच्या स्पर्धेचा विषय चुकीचा होता. 'निसर्ग की शेतकरी?' असे विचारताना तिसरा आरोपी आपण सभागृहाबाहेरच ठेवला होता.

हा वाद जगाच्या व्यासपीठावरही झाला आहे. गरीब देश वर्षानुवर्षे म्हणत होते, तुम्ही दीडशे वर्षे धूर सोडलात, बुडतो आहोत आम्ही, तेव्हा नुकसान भरून द्या. श्रीमंत देश म्हणत, मदत देऊ, भरपाई म्हणू नका. शेवटी २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी वेगळा निधी उभारायचे ठरले. 'मदत' आणि 'भरपाई' या दोन शब्दांमध्ये किती अंतर आहे, हे तलाठी कार्यालयाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला कळते. मदतीसाठी मान खाली घालावी लागते.

आपल्या देशातही एक पाऊल पडले आहे. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला हे विशेष वाटते. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी माजी सनदी अधिकारी रणजितसिंह यांनी दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये निकाल देताना म्हटले की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमातून निघणारा हक्क आहे. समता आणि जीवित यांची ही कलमे आपण वर्गात पाठ करतो. एका पक्ष्याच्या निमित्ताने ती आमच्या बगीच्यापर्यंत पोहोचली, असे मला वाचताना वाटले. परंतु कागदावरचा हक्क आणि शिवारातला हक्क यांत बरीच पायवाट आहे.

ती पायवाट कशी आहे ते सांगते. शेतीचे नुकसान झाले की पंचनामा होतो. ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान दिसले तर सरकारी मदत मिळते. ही पद्धत एका दिवसाच्या संकटासाठी बनवलेली आहे. गारा पडल्या, फळे फुटली, साहेब आले, पाहिले, लिहिले. पण फळगळ एका दिवसात होत नाही, महिनाभर रोज थोडी थोडी होते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गळलेली फळे कुजलेली किंवा पुरलेली असतात, आणि झाडावर दिसतात ती उरलेली फळे. आणि ज्या वर्षी ताण तुटला, त्या वर्षी तर पाहायला हिरवागार बगीचा! न आलेल्या फुलांचा पंचनामा कोण करणार? कोणत्या रकान्यात लिहिणार? बाबांनी एकदा धीर करून हे विचारले. समोरचा गृहस्थ भला होता. तो म्हणाला, "भाऊ, दिसत नाही ते मी कसं लिहू?" त्याचेही चुकले नाही. चूक आहे ती रकाना आखणाराची.

विम्याचेही असेच. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रात ठरलेल्या निकषांप्रमाणे पाऊस वा तापमान नोंदले गेले तर भरपाई. कल्पना उत्तम आहे, त्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. पण आमच्या मंडळाचे यंत्र गावापासून अकरा किलोमीटरवर आहे, आणि अवकाळी ढग अकरा किलोमीटरचा हिशेब ठेवत नाही. आमच्याकडे बरसले ते यंत्राला कळले नाही, म्हणून ते कायद्याने बरसलेच नाही. शिवाय यंत्रही शेवटी यंत्रच. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. नंतर हवामान खात्याने सांगितले की संवेदक बिघडला होता. शहरातील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली, कारण ती लाखो लोकांनी पाहिली. खेड्यातल्या यंत्राची चूक कोण पाहील?

आता माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या खऱ्याकडे वळते. होय, आम्ही जमिनीत भोके पाडली. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असे. मग शेजाऱ्याने बोअर मारली, म्हणून आम्ही मारली, त्याने आणखी खोल नेली, म्हणून आम्हीही नेली. आज गावात सातशे फुटांवरही धूळ निघते. वरुड-मोर्शीकडे तर भूजलाचा अतिउपसा सरकारी कागदांवरच नोंदलेला आहे. जेथे कपाशी आणि तूर शोभली असती अशा भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीतही आम्ही लोभाने संत्रा लावला. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच १९८५ पासून उभी आहे, पण बाबा तेथे कधी गेले नाहीत. संस्थेने दार लावले नव्हते, आमची भीडच आडवी आली. 'आपण शिकलेल्या माणसांसमोर काय बोलणार' ही ती भीड. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून बंधारे घालण्याची सूचना आहे. ती वाचताना मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत आमच्या गावाने वर चढणारी बोअर पाहिली, खाली मुरणारे पाणी पाहिले नाही.

पण चूक कबूल करणे वेगळे आणि सगळी चूक पत्करणे वेगळे. आमच्या घरात एक मोटारसायकल आहे, चार दिवे आहेत, एक पंखा आहे. भारतातील माणसाच्या वाट्याला येणारा कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यातही माझ्या आजीचा वाटा किती असेल? जिने आयुष्यात विमान फक्त वर मान करून पाहिले, तिच्या बगीच्याने जगाच्या धुराची किंमत का मोजावी? बोअर आमची चूक असेल. मे महिन्यातला मृग ही आमची चूक नाही.

येथवर लिहून मी वसतिगृहाच्या गच्चीवर गेले होते. उत्तरेला कोराडीच्या चिमण्या दिसतात. तेथे ६६० मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात, पलीकडे खापरखेडा आहे. महाराष्ट्राच्या दूरदूरच्या शहरांना उजेड देण्यासाठी कोळसा आमच्या विदर्भात खणला जातो, आमच्या विदर्भात जळतो आणि राखही आमच्याच वाट्याला येते. मनात आले, हे लिहायला एक चांगले वाक्य मिळाले. पण त्याच क्षणी ध्यानात आले की ज्या दिव्याखाली बसून मी हा लेख लिहिते आहे, तो त्याच चिमणीवर जळतो. मग सुलतान कोण? मोठा हिस्सा मोठ्यांचा, हे खरेच. पण शिकून शहरात आलेली मी आता काही प्रमाणात त्या बाजूला सरकले आहे, हे नाकारता येत नाही. शिक्षणाने मला हे दिले असेल तर तेही घेतले पाहिजे.

मग करायचे काय? केवळ हळहळ व्यक्त करून लेख संपवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती मी पाळणार नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट, प्रत्येक गावात पर्जन्यमापक हवा. तशा योजना जाहीर झाल्या आहेत, त्या शिवारापर्यंत आल्या पाहिजेत. हवामानाची नोंद हा शेतकऱ्याचा आता सातबाराइतकाच महत्त्वाचा कागद आहे. दुसरी गोष्ट, नुकसानीच्या नियमांत 'बहार न येणे' आणि 'फळगळ' यांना स्वतंत्र स्थान हवे, आणि त्यासाठी फक्त एका दिवसाचा पंचनामा पुरणार नाही. बहार धरण्याच्या वेळी एकदा आणि फळे सुपारीएवढी झाल्यावर एकदा, अशी पाहणी व्हावी. तिसरी गोष्ट आपल्यासाठी. आपल्या वर्गात काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड, रामटेककडून आलेली कितीतरी मुले-मुली आहेत. आपण सुटीत गावी जातो. एका साध्या वहीत प्रत्येकाने आपल्या गावचा पाऊस, बहार कोणत्या दिवशी फुटला, पळस कधी फुलला, मोह कधी टपकू लागला, विहिरीचे पाणी किती हातांवर गेले, एवढे लिहून आणावे. भूगोल विभागाने त्या वह्या सांभाळाव्यात. दहा वर्षांनी अशा शंभर वह्या झाल्या, तर पुढच्या वादविवादात माझ्यासारख्या मुलीला घंटा वाजेपर्यंत मुकाट उभे राहावे लागणार नाही.

कोणी म्हणेल, हे विज्ञान शाखेचे काम आहे, कला शाखेने कविता लिहाव्यात. मला ते पटत नाही. तापमान मोजणे विज्ञानाचे काम असेल, पण 'मदत' म्हणायचे की 'भरपाई', 'लहर' म्हणायचे की 'परिणाम', हे ठरवणे भाषेचे, इतिहासाचे आणि राज्यशास्त्राचे काम आहे. म्हणजे ते आपलेच काम आहे.

शेवटी एक घरगुती गोष्ट. या दिवाळीत बाबांनी मला बगीच्यात नेले आणि विचारले, "तू शिकून रायली, तूच सांग. ठेवाव का तोडाव?" गावात बऱ्याच जणांनी संत्रा तोडून पुन्हा कपाशी धरली आहे. बाबांनी आजपर्यंत मला शेतीतले काही विचारले नव्हते, मी मुलगी म्हणून आणि लहान म्हणूनही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी घाबरले. वादविवादात हरले तर चषक जातो. येथे चुकले तर एकशेआठ झाडे जातात, आणि कदाचित धाकट्या भावाचे शिक्षणही.

मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एकेका झाडाजवळ गेलो. खालच्या भारी जमिनीतली, डिंक गळणारी एकतीस झाडे काढायची, तेथे तूर घ्यायची. वरच्या मुरमाड भागातली सत्याहत्तर ठेवायची, त्यांना पाणी वाहून जाईल असे चर काढायचे, आणि सगळे मिळून संशोधन केंद्रात एकदा जाऊन यायचे, असे ठरले. हे बरोबर आहे की नाही, हे मला पुढची दोन-तीन वर्षे सांगतील. आजी म्हणाली, "पोरगी शिकली तरी झाड तोडाचंच सांगते." मी तिला उत्तर दिले नाही.

पण निघताना बाबांच्या हातात एक दोनशे पानी वही दिली. पहिल्या पानावर त्यांनीच नववीतल्या अक्षरात लिहिले, 'पाऊस.' खाली तारीख टाकली. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी सांगितले की सात पाने भरली आहेत.

— बी. ए. भाग दोन